हायब्रिड गाडीत दडलेल्या सोयी : आधी दोन्ही बॅटऱ्या ओळखा

कासारवडवलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : “तीन महिन्यांपूर्वी सेकंड हँड स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेतली. मॅन्युअल मिळालं नाही. परवा आठवीतल्या मुलाने गिअरजवळचं ‘ईव्ही’ लिहिलेलं बटण दाबलं आणि गाडी इंजिन चालू न होताच पार्किंगमधून बाहेर आली. असं काही आपल्या गाडीत आहे, हे मला माहीतच नव्हतं. अजून काय काय दडलंय? कुठल्या ॲक्सेसरीज घ्याव्यात? आणि हो, मागच्या सीटजवळून हल्ली पंख्यासारखा आवाज येतो, तो कसला?”

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण मी सुरुवात तिथूनच करतो. तो आवाज खरोखरच पंख्याचा आहे. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. तिची मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत डिकीत किंवा सीटखाली असते, आणि ती थंड ठेवण्यासाठी एक पंखा केबिनमधलीच गार हवा तिच्यावर सोडतो. ही हवा आत घ्यायला मागच्या सीटच्या बाजूला, पायथ्याशी किंवा सीटखाली एक छोटी जाळी असते. ती स्पीकरच्या जाळीसारखी दिसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आज घरी गेल्यावर टॉर्च लावून ती शोधा. माझा अंदाज असा, की आधीच्या मालकांनी जाड सीट कव्हर घातलं असेल आणि त्याची झालर जाळीवर आली असेल, किंवा जाळीत धूळ-केस अडकले असतील. हवा पुरेशी मिळाली नाही की बॅटरी तापते, पंखा जोरात फिरतो, आणि तो आवाज तुम्हाला ऐकू येतो. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तो थोडा वेळ आला तर काळजी नाही. पण सकाळी गार हवेतही येत असेल, तर जाळी आणि तिच्या आतली फिल्टरची पट्टी साफ करून घ्या. काम अगदी किरकोळ आहे. दुर्लक्ष केलं तर मात्र गाडीतला सर्वांत महाग भाग रोज थोडा थोडा भाजत राहतो.

हायब्रिडमधल्या खऱ्या दडलेल्या गोष्टी अशाच असतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. लोक टचस्क्रीनमध्ये शोधत बसतात आणि कामाच्या गोष्टी जाळीत, गिअरच्या दांड्यात, चावीच्या पोटात आणि त्या दुसऱ्या, छोट्या बॅटरीत असतात. 2010 मध्ये प्रिअस भारतात आली, तेव्हापासून मी हायब्रिड गाड्यांवर काम करतो आहे. आता रबाळे एमआयडीसीत वर्कशॉप आहे. माझ्याकडे ‘गाडीत मोठा बिघाड झालाय’ म्हणून येणाऱ्या हायब्रिडपैकी कितीतरी गाड्यांत बिघाड नसतोच. मालकाला गाडीच्या दोन बॅटऱ्यांची कामं कुणी समजावून सांगितलेली नसतात, एवढंच.

त्याआधी एक खात्री करून घ्या. आपल्याकडे ‘हायब्रिड’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गाड्यांसाठी वापरतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला फक्त हात देते. ती गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा यांची स्ट्राँग हायब्रिड व्हेरियंट्स, इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटीची ई-एचईव्ही या गाड्या मात्र काही अंतर फक्त मोटरवर जातात. तुमची गाडी इंजिनाशिवाय बाहेर आली, म्हणजे ती स्ट्राँग हायब्रिडच. पुढचं सगळं अशा गाड्यांबद्दल आहे.

आता दोन बॅटऱ्या. मोठी बॅटरी मोटर चालवते. ‘मोठी’ म्हणतो, पण हायरायडर आणि ग्रँड विटारामध्ये ती फक्त 0.76 किलोवॉट-तासांची आहे. घरच्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. त्यातलंही सगळं गाडीचा कॉम्प्युटर वापरू देत नाही. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून तो तिला पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. म्हणूनच ईव्ही मोडमध्ये गाडी एक-दोन किलोमीटर जाते आणि मग इंजिन चालू होतं. तो दोष नाही. दुसरी बॅटरी नेहमीची, 12 व्होल्टची. साध्या गाडीत ती स्टार्टर फिरवते. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि मोटर करतात. छोटीकडे फक्त कॉम्प्युटर जागे करणं, लॉक, दिवे, म्युझिक, हॉर्न ही कामं. पण ती झोपली तर कॉम्प्युटर जागा होत नाही, आणि कॉम्प्युटर जागा झाला नाही तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. तिजोरी भरलेली, पण किल्लीच नाही, अशी गत होते.

या छोट्या बॅटरीची काळजी घ्यायची तर डॅशबोर्डवरचा ‘रेडी’ हा दिवा ओळखीचा करून घ्या. ब्रेक न दाबता स्टार्टचं बटण दाबलं तर म्युझिक, स्क्रीन चालू होतात, पण गाडी ‘रेडी’ होत नाही. या अवस्थेत सगळा भार एकट्या छोट्या बॅटरीवर असतो आणि तिला भरणारं काहीच चालू नसतं. मुलीच्या क्लासबाहेर, राम मारुती रोडवर गाडी लावून अर्धा-पाऊण तास गाणी ऐकत बसलेल्या किती जणांना मी जंप दिला असेल, म्हणजे बाहेरच्या बॅटरीची वीज देऊन गाडी जागी केली असेल! ब्रेक दाबून बटण दाबा, ‘रेडी’ येऊ द्या, गिअर ‘पी’मध्ये ठेवा. आता मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. शिवाय एसी विजेवर चालणारा असल्याने इंजिन बंद असतानाही गार हवा मिळते. काही मिनिटांनी इंजिन आपोआप चालू होईल, बॅटरी भरेल, परत बंद होईल. होऊ द्या.

पण इथेच एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. ‘रेडी’ असलेली गाडी शांत असते, म्हणून ती बंद आहे असं वाटतं. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये ती तशी कधीही ठेवू नका, आणि आत बसून झोपू तर मुळीच नका. इंजिन तुम्हाला न विचारता चालू होतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. उतरताना डॅशबोर्ड पूर्ण काळा झालाय ना, हे बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. वडीलधारी माणसं गाडी चालवत असतील तर त्यांना समोर बसवून दाखवा.

तुम्ही घोडबंदर रोडचे, म्हणून आता ट्रॅफिकमधली गोष्ट. वाघबीळच्या पुढे गाडी अडकली की आपला हात सवयीने गिअर ‘एन’मध्ये टाकतो. पेट्रोल-डिझेलच्या मॅन्युअल गाडीची ती चांगली सवय. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये (हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस) मात्र ‘एन’मध्ये मोठी बॅटरी भरलीच जात नाही, इंजिन चालू असलं तरीसुद्धा. एसी मात्र तिच्यातूनच वीज खेचत राहतो. कंटेनरच्या रांगेत वीस मिनिटं ‘एन’मध्ये काढलीत तर बॅटरीचा काटा खाली येताना दिसेल. थोडं थांबायचं असेल तर ‘डी’ आणि पाय ब्रेकवर, किंवा ऑटो होल्ड असेल तर ते. लांब थांबायचं असेल तर ‘पी’. ऑटो होल्डचं बटणही बऱ्याच जणांनी कधी दाबलेलं नसतं. गाडी पूर्ण थांबली की ब्रेक धरून ठेवतं, ॲक्सिलरेटरला पाय लागला की सोडतं. माजिवड्याच्या सिग्नलवर उभं राहिलात की त्याची किंमत कळेल.

ईव्ही बटणाकडे येऊ. मुलाने ते शोधलं याचा मला मनापासून आनंद झाला, पण ते पेट्रोल वाचवायचं बटण आहे असं त्याला सांगू नका. इंजिन कधी बंद ठेवायचं हे गाडी स्वतःच आपल्यापेक्षा चांगलं ठरवते. जबरदस्तीने ईव्हीवर रखडत नेलं की बॅटरी रिकामी होते आणि ती भरायला इंजिनाला नंतर जास्त राबावं लागतं. वीज बनवताना आणि परत वापरताना दोन्ही वेळा थोडी वाया जाते. त्या बटणाचा खरा उपयोग वेगळा आहे. एक, पहाटे पाचला निघताना सोसायटीला जाग येऊ नये म्हणून. दोन, आणि हे महत्त्वाचं, पार्किंगमध्ये पुढची गाडी काढायला आपली गाडी दहा फूट सरकवायची असते तेव्हा. थंड इंजिन मिनिटभर चालवून बंद करणं हे इंजिनाला सर्वांत वाईट. पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर काजळी बसते. अशा वेळी ईव्ही दाबा आणि गाडी सरकवा. कधी कधी ‘ईव्ही मोड उपलब्ध नाही’ असा संदेश येईल : बॅटरी कमी असेल, वेग जास्त असेल, किंवा सकाळी इंजिन अजून तापायचं असेल. काही बिघडलेलं नसतं. एवढ्या शांत गाडीसमोरून सोसायटीत मुलं पळतात, हे मात्र विसरू नका. कमी वेगात गाडी मुद्दाम एक बारीक गुंजारव करते, पण बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांना तो ऐकू येईलच असं नाही.

ॲव्हरेजचं म्हणाल, तर ते तुमच्या उजव्या पायात आहे. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या जागी ‘चार्ज, इको, पॉवर’ असे भाग असलेला काटा दिसतो ना, तो बघून गाडी चालवायला शिका. सिग्नलवरून निघताना गाय चालल्यासारखं निघू नका. इकोच्या वरच्या टोकापर्यंत बिनधास्त न्या, हवा तो वेग गाठा आणि मग पाय किंचित सैल करा. इंजिन बंद होतं आणि गाडी मोटरवर त्याच वेगात सरकत राहते. हे पामबीच रोडवर फार छान जमतं. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा आणि हलका ब्रेक लावा. काटा ‘चार्ज’मध्ये जितका जास्त वेळ राहील, तितकी वीज परत येते. शेवटच्या क्षणी करकचून दाबलेला ब्रेक ती सगळी उष्णता म्हणून उडवून लावतो. आणखी एक गोष्ट नव्या मालकांना चक्रावते : हायब्रिड गर्दीत जास्त ॲव्हरेज देते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी. अटल सेतूवर 100 च्या वेगाने सलग गेलात तर ब्रेकच लागत नाही, म्हणजे वीज परत मिळायची संधीच नाही, आणि हवेशी झगडायचं काम एकट्या इंजिनावर पडतं. तिथे आकडा घसरला म्हणून सर्व्हिस सेंटर गाठू नका.

गिअरच्या दांड्यावर ‘डी’च्या खाली ‘बी’ लिहिलेलं असतं. याबद्दल मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. बऱ्याच जणांना ते ‘बॅटरी’ वाटतं, म्हणून ते शहरात सतत ‘बी’मध्ये चालवतात, बॅटरी भरेल म्हणून. ‘बी’ म्हणजे ब्रेक. घाटाच्या लांब उतारासाठी. येऊरच्या उतारावर त्याची गरजही भासणार नाही, पण कसारा किंवा माळशेज उतरताना ‘बी’ टाका. सुरुवातीला मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते. पण पाऊण युनिटाची बॅटरी, ती काही किलोमीटरमध्ये भरते. मग ही ऊर्जा कुठे घालायची? गाडी मोटरच्या जोरावर इंजिन नुसतंच फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि त्याच्या विरोधाने वेग आवरते. तेव्हा इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि बायका-मुलं घाबरतात. गाडी योग्य तेच करते आहे. तुमच्या ब्रेकच्या प्लेट तापण्यापासून वाचताहेत. सपाटीला आलात की ‘डी’. होंडाच्या सिटी हायब्रिडमध्ये हेच काम स्टिअरिंगमागचे दोन पॅडल करतात. पाय काढल्यावर गाडी किती आवरायची हे त्यांनी कमी-जास्त करता येतं. त्यांना गिअर बदलायचे पॅडल समजून लोक विसरून जातात.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर खाडीकाठच्यांनी जास्त लक्ष द्यावं. मोटरच गाडी आवरत असल्याने हायब्रिडचे ब्रेक पॅड फार टिकतात, ही चांगली गोष्ट. पण न वापरलेल्या डिस्कला गंज धरतो. नेरूळ, सीवूड्स, ऐरोलीची दमट खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. पॅड जाड आहेत म्हणून कुणी उघडून बघत नाही, आणि पॅड ज्यांवर सरकतात त्या आतल्या पिना जाम होतात. दर सर्व्हिसला ‘पॅड काढून पिनांना ग्रीस लावा’ असं तोंडाने सांगा. सांगितलं नाही तर जाडी बघून ‘ठीक आहे’ लिहून मोकळे होतात.

चावी. खिशातल्या स्मार्ट चावीच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवला की पोटातून लोखंडी चावी निघते. छोटी बॅटरी झोपली तर दार उघडायचा हाच मार्ग, कारण रिमोट तेव्हा चालत नाही. दारावर चावीचं भोक दिसत नसेल तर हँडलजवळच्या झाकणामागे बघा. आणि चावीचा सेल संपला तर? गाडी ‘चावी सापडत नाही’ म्हणते. चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवा, ब्रेक दाबून बटण दाबा. गाडी चालू होते. हे एकदा घरीच करून बघा, रात्री तुर्भ्याच्या पुलाखाली पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. चाव्या गाडीपासून लांब ठेवा. तळमजल्यावर घर असेल आणि चावी गाडीजवळच्याच खिडकीत टांगलेली असेल, तर दोघी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात आणि दोघींचे सेल उतरतात. होंडा सिटीमध्ये चावीचं बटण दाबून धरलं की सगळ्या काचा खाली येतात. उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी आतली वाफ बाहेर जाऊ द्यायला फार उपयोगी. तुमच्या गाडीत ही सोय आहे का, करून बघा.

ॲक्सेसरीजबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती चुका बघून बनली आहेत. खारघरच्या एका गिऱ्हाइकांनी बाहेरून डॅशकॅम लावून घेतला, पार्किंग मोडसकट. म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू. गणपतीत सगळे बारा दिवस कोकणात गेले, गाडी इथेच. आले तेव्हा गाडी मेलेली. जंप स्टार्टर त्यांच्याकडे होता, चांगला, महागडा. पण तो डिकीत, आणि डिकीचं लॉक विजेवर उघडणारं! हिशेब साधा आहे. कॅमेरा 0.3 अँपिअर खेचत असेल तर दिवसाला सात अँपिअर-तासांच्या वर जातात. छोट्या बॅटरीची क्षमता साधारण 35 ते 45. पाच-सहा दिवसांत खेळ संपला. डॅशकॅम लावाच, घोडबंदर रोडवर तर लावाच, पण व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की स्वतः बंद होणारा जोड घ्या आणि गावी जाताना पार्किंग मोड बंद करा. जंप स्टार्टर घ्या आणि तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. ज्या गाड्यांत छोटी बॅटरी डिकीत असते, त्यांत बहुतेक वेळा बॉनेटखालच्या फ्युजच्या डब्यात जंपसाठी वेगळी पिन दिलेली असते; बॉनेटची दांडी हाताने ओढायची असल्याने ती विजेशिवाय उघडते. ही जागा आजच शोधून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीला मात्र हायब्रिडमधून जंप देऊ नका. ही बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेलीच नाही, मदत करायला जाऊन मोठ्या बॅटरीतून छोटीला भरणारं आपलं कन्व्हर्टर दुखावेल.

सीट कव्हरबद्दल आधी बोललो, त्यात एक भर. सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवलेली असते. कव्हरने ती झाकली तर एअरबॅग वेळेवर फुटायला अडथळा येतो. आणि हवा येणारी सीट असेल तर जाड रेक्झिनने ती सोय मातीमोल होते. मला विचाराल तर त्या गाडीत कव्हरच घालू नका. डिकीतली जाड मॅट घेताना आधी जाळी कुठे आहे ते बघा. पायातली मॅट खालच्या हुकांत अडकणारीच घ्या. मडफ्लॅप घ्या, हवा भरायचा छोटा पंप घ्या, चावीचा एक जादा सेल गाडीत ठेवा. वायर कापून लावलेला मोठा हॉर्न, दिवे, ॲम्प्लिफायर यांना माझं स्पष्ट नाही. टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी आहे; पाचशे रुपयांच्या हॉर्नसाठी कापलेली वायर दाखवून ती नाकारली गेली तर वाद घालायला जागा राहत नाही. जे लावायचं ते कपलरने, म्हणजे वायर न कापता जोडता येणाऱ्या प्लगने लावा. पुढचा लोखंडी गार्ड तर बेकायदाच आहे, आणि धडकेत एअरबॅगच्या सेन्सरला फसवतो. ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर जोडतो तिथे) लावायचं ब्लूटूथचं यंत्र मलाही आवडतं, फोनवर बॅटरीचं तापमान दिसतं. पण बघून झालं की काढून ठेवा, तेही झोपेत वीज खातं.

गाडी बंद पडली आणि क्रेन बोलवावी लागली, तर फोनवरच सांगा : ‘हायब्रिड आहे, फ्लॅटबेड पाठवा’, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढत नेली की मोटर फिरते आणि वीज बनवायला लागते, जी घ्यायला कुणी जागं नसतं. बॉनेटमध्ये नारिंगी केबल दिसतील, त्या उच्च दाबाच्या; तिथे हात नको आणि वॉशिंगवाल्याचा प्रेशर जेटही नको.

पावसाळ्याचं दोन ओळींत. गाडी विजेवर चालते म्हणून पाण्यात शॉक बसेल ही भीती सोडा. उच्च दाबाचा भाग वेगळा ठेवलेला असतो आणि गडबड दिसली की कॉम्प्युटर तो तोडतो. भीती दुसरी बाळगा. ईव्हीवर हळूच पाण्यातून काढू असं म्हणून लोक घुसतात, आणि मधोमध इंजिन आपणहून चालू होऊन पाणी ओढतं. अर्ध्या चाकापर्यंत पाणी दिसलं की मागे फिरा. केबिनमध्ये पाणी शिरलं असेल तर ‘चालू होते का बघू’ म्हणून बटण दाबूच नका. सनरूफ असेल तर जूनच्या आधी त्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं साफ करून घ्या. तिथे पाला अडकला की पाणी छताच्या कापडातून आत उतरतं आणि खाली जाऊन नेमकं कुठे मुरेल हे सांगता येत नाही.

आता तुमची गाडी सेकंड हँड आहे म्हणून एक काम, आणि ते या आठवड्यातच करा. हल्लीच्या गाड्यांत कनेक्टेड सेवा असते : फोनवरून गाडी कुठे आहे ते दिसतं, लॉक करता येतं, काही व्हेरियंटमध्ये बसण्याआधी एसी सुरू करता येतो. तुम्हाला ही सोय माहीत नसेल, तर दाट शक्यता आहे की ती अजून आधीच्या मालकांच्याच फोनवर चालू आहे. त्यांच्या मनात काही नसेलही, पण तुमची गाडी रोज कुठे जाते हे त्यांना दिसत राहायचं कारण नाही. डीलरकडे आरसी घेऊन जा, जुनं खातं काढून तुमचं जोडून घ्या. त्याच वेळी गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते स्कॅनरवर बघायला सांगा. तुम्हाला दोन मिळाल्या असतील आणि मशीन तीन दाखवत असेल, तर सगळ्या पुसून हातातल्या दोनच पुन्हा नोंदवून घ्या. जाताना दोन्ही चाव्या बरोबर न्यायला विसरू नका. न नेलेली चावी त्यात बाद होते. आणि मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून मुलाला द्या. ईव्हीचं बटण त्याने शोधलं, जाळीही त्यालाच शोधू द्या.